शिळावर्त : वाटाड्यांच्या जगाच्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५

कामाची चौकट ठरली. टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा रोल-प्लेइंग गेम, खेळाडू चार-पाच, आणि खेळ चालवणारा गेम मास्टर एक. जगाचं नाव शिळावर्त. इथे माणूस मेला की त्याला पलीकडे न्यायला कुणीतरी येतं. नेणारा तो वाटाडा, मेलेला तो जाणारा. कोण नेतं, एका वेळी किती जणांना नेतं, कशाच्या बदल्यात नेतं आणि नेलं नाही तर काय होतं, एवढ्याच प्रश्नांवर जग उभं करायचं. पाप-पुण्याचा निवाडा ठेवायचा नाही. निवाडा आला की सगळा रस कचेरीत जातो आणि वाटाडा नुसता शिपाई उरतो.

आधी वाट, मग वाटाडे. पंख, झगे, पेटते डोळे यांची चित्रं आधी काढली की जग सजतं, पण दुसऱ्याच सत्रात कुणीतरी विचारतं, “हे एकूण आहेत किती?” तिथे गेम मास्टर अडकतो.

१५ जून

वेळ किती लागतो याचा पट मांडला, कारण खेळाचा वेग त्यावरच ठरतो. पारशी श्रद्धेत जीव तीन रात्री देहाजवळ राहतो आणि चौथ्या पहाटे चिन्वत पुलाकडे जातो. तिबेटी बौद्धांकडे मधला काळ ४९ दिवसांचा. अझ्टेकांच्या मृतलोकाची, मिक्तलानची वाट चार वर्षांची. गरुडपुराणाच्या प्रेतखंडात तर हिशोबच दिलेला आहे: वाट ८६,००० योजनं, चाल दिवसाला २४७ योजनं, मध्ये सोळा पुरं म्हणजे नगरं, एकूण ३४८ दिवस. २४७ गुणिले ३४८ म्हणजे ८५,९५६. मूळ आकड्यापेक्षा फक्त ४४ योजनं कमी. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी वाट खरोखर मोजायला घेतली होती. आपल्यालाही तेच करायचं आहे.

घेतलं ते असं: शहरात मुक्काम तीन रात्री, चौथ्या पहाटे निघणं, पुढे सोळा थांबे, ३४८ दिवस. पुरांची नावं घ्यायची नाहीत.

नेणाऱ्यांमध्ये कामाची वाटणी जवळपास सगळीकडे दिसते. ग्रीकांचा हर्मीस काठापर्यंत आणतो आणि नाव कॅरन चालवतो. ऋग्वेदात १०.१७ मध्ये पूषन वाट दाखवतो, तर १०.१४ मधले यमाचे चार डोळ्यांचे दोन कुत्रे वाट राखतात. वाट दाखवणं आणि वाट राखणं ही दोन कामं आपल्याकडेही वेगळ्या हातांत राहतील.

२१ जून

नकाशाचा सांगाडा मिळाला आणि तो विदर्भाच्या नद्यांचाच आहे. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या कडेवर बसलेलं आहे. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला त्याहून फार जुने खडक आणि तलावांचा मुलूख. आग्नेयेला निघून वैनगंगा धरली की नदी दक्षिणेला नेते, वर्धा येऊन मिळाली की प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीला भेटते. समोरच्या काठावर कालेश्वर. तिथल्या देवळात एकाच पीठावर दोन लिंगं आहेत, एक शिवाचं आणि एक यमाचं. दक्षिणेची वाट याहून चांगली कल्पून काढता येणार नाही.

गाडीरस्त्याने हे अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. सोळाने भागलं की २५ किलोमीटर. माणूस पायी एका दिवसात तेवढंच चालतो, त्यामुळे टप्पे आपोआप पडले.

थांब्यांची नावं इकडच्या बोलण्यातली. पहिला धुरा, दुसरा काळी, सहावा बोडी, शेवटचा डोंगा. बोडी म्हणजे भंडारा-गडचिरोलीकडचा लहान तलाव, डोंगा म्हणजे लहान नाव. मालगुजारी तलावांच्या पट्ट्यात थांबे पाण्याकाठी आणि त्याआधीचे पाच उघड्या रानात.

२८ जून

आजची नोंद पुढच्या सगळ्या नियमांचा पाया आहे.

शहराची वस्ती १ लाख धरली. औषधं आणि स्वच्छ पाणी नसलेल्या जुन्या जगात हजारी ३० मृत्यू हा रास्त आकडा. म्हणजे वर्षाला ३,०००, दिवसाला आठाच्या किंचित वर. एका जाणाऱ्यामागे एक वाटाडा आणि ३४८ दिवस जाऊन तितक्याच दिवसांत परत, असं धरलं तर ८ गुणिले ६९६ म्हणजे ५,५६८ वाटाडे लागतात. दर अठरा माणसांमागे एक! मग त्यांच्या गल्ल्या, बाजार, सोयरिकी सगळं आलं. दारात वाटाडा उभा राहिला तर शेजारीही मान वर करून बघणार नाहीत.

अशा वेळी टप्पे पाडून वाटाडे बदलत न्यायचा उपाय चटकन सुचतो. त्याने आकडा एकानेही उतरत नाही. जाणारा ३४८ दिवस वाटेवर असेल आणि रोज त्याच्याजवळ कुणीतरी हवं असेल, तर तो कुणीतरी एक असो की सोळा, भरायचे दिवस तेवढेच. आकडा दोनच गोष्टींनी उतरतो: एका वाटाड्यामागे अनेक जाणारे, आणि वाटाड्याशिवाय काढायचे दिवस.

म्हणून असं ठरलं. रोज पहाटे शहरातून एकच तांडा सुटेल, जास्तीत जास्त १२ जणांचा. चालणं एकूण १६ दिवस. उरलेले ३३२ दिवस थांब्यांवर, बारा थांब्यांवर २१ आणि चार थांब्यांवर २०. तिथे राखणदार असतो. वाटाडा सोपवतो आणि मोकळा परततो, मोकळं येताना अर्धा दिवस पुरतो. टप्प्यामागे दोन वाटाडे धरले की रोजचा तांडा निघतो आणि विसाव्यालाही अर्धा दिवस मिळतो. एकूण वाटाडे ३२, राखणदार १६. लाखाच्या शहराला ४८ जण. आता वाटाडा दिसणं ही लक्षात राहणारी गोष्ट झाली.

याच हिशोबातून जगाची सगळ्यात मोलाची गोष्ट निघाली. प्रत्येक वाटाड्याला फक्त आपले २५ किलोमीटर ठाऊक आहेत. त्यातला नाला, झाड, दगड त्याला अंधारातही सापडतो. पुढच्या थांब्यापलीकडचं त्याने कधी पाहिलेलं नाही. “पुढे काय आहे?” या प्रश्नाला या जगात खरं उत्तर देणारा कुणीही नाही, आणि कुणी लपवतही नाही.

३ जुलै

वाटाडा घोडा असेल. त्याला कारण इथल्याच मातीत आहे. काटोल रस्त्यावरच्या जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या लोहयुगीन लोकांनी आपल्या मृतांसाठी रचलेली. काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. जवळच्या माहुरझरीच्या उत्खननात माणसांसोबत पुरलेले घोडे निघाले, तोंडावर तांब्याचे अलंकार घातलेले. मृतासोबत घोडा का पुरला हे सांगणारं लिखाण त्या लोकांनी ठेवलेलं नाही. तेवढी मोकळी जागा कल्पनेला पुरते.

वाटाड्याची मापं: तट्टाच्या उंचीचा, खांदा माणसाच्या छातीला लागेल इतका. कपाळापासून नाकपुडीपर्यंत तांब्याचा पत्रा. पत्र्यावर खळगे, एकपासून सोळापर्यंत. जेवढे खळगे तो त्याचा टप्पा. चित्रकारासाठी सूचना: तांबं नवं चकचकीत नको. कडेला हिरवट, मधे हाताने पुसून उजळलेलं. पंख नाहीत, ज्वाळा नाहीत. घोडा बोलतो, पण तोंड हलत नाही.

वर्तुळ हे निघायचं ठिकाण. पहाटे बारा दगडांपाशी बारा जण उभे राहतात. तेरावा दगड नाही.

माडिया-गोंडांकडे मृतांसाठी दगड उभे करण्याची रीत आजही चालू आहे. ती उचलून खेळात घालायची नाही. जिवंत माणसांची ती आठवण आहे.

९ जुलै

भाडं. ग्रीक मृताच्या तोंडात नाणं ठेवत. आपल्याकडे काय घ्यायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवणं हा तयार, जोरकस प्रसंग आहे. कावळा शिवत नाही, घरचे एकेक इच्छा बोलून वचनं देतात, अखेर दर्भाचा कावळा करतात. खेळात हे भन्नाट चालेल, पण त्याचा नियम केला की जग फुटतं. तशा जगात घरच्यांनी विधी केला तरच जाणारा सुटतो. ज्याला घरच नाही तो कायमचा अडकतो. आणि १९५६ च्या धम्मदीक्षेतल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. नागपुरात टेबलावर बसणाऱ्या कितीतरी जणांच्या घरी ती मनापासून पाळली जाते. त्यांच्या माणसांना वाटेत अडकवणारं जग आपल्याला लिहायचं नाही.

भाडं असं हवं की जे प्रत्येकापाशी असतं, विकत मिळत नाही आणि दुसरा भरू शकत नाही. ठरलं: प्रत्येक टप्प्याला जाणारा स्वतःला पाठ असलेली एक वाट देतो. घरापासून विहिरीपर्यंतची, शेताची, माहेरची, कामाची. दिली की ती त्याच्याकडून पुसली जाते आणि घोड्याच्या टप्प्यात मिसळते. वाटाड्यांची वाट जाणाऱ्यांच्याच वाटांनी बनलेली आहे. श्रीमंताला इथे काही जास्त नाही. उलट पालखीतून फिरलेल्याला वाटा आठवत नाहीत आणि पाणी भरणारीला शंभर ठाऊक असतात.

खेळाच्या कागदावर सोळा ओळी. प्रत्येक ओळीत तीन खुणा सक्तीच्या: सुरुवात, मधली एक वस्तू, शेवट. नुसतं “शाळेचा रस्ता” लिहिलं तर तो खोडताना काहीच वाटत नाही. “सक्करदऱ्याचं घर, वाकलेला कडुलिंब, पिठाची चक्की” असं असेल तर हात थबकतो.

१७ जुलै

तान्ही मुलं. त्यांना एकही वाट ठाऊक नसते. त्यांना घोडा पाठीवर घेतो, भाडं नाही, थांबे नाहीत. ती सोळा दिवसांत पोचतात. तांड्यात त्यांची जागा मोजायची नाही. यावर फासा टाकायचा नाही आणि याचा प्रसंग गेम मास्टरने स्वतःहून आणायचा नाही.

अंथरुणाला खिळलेल्यांच्या वाटा खोलीतल्या: खाटेपासून खिडकीपर्यंत. त्याही पुऱ्या धरायच्या.

२६ जुलै

पावसाळ्याचे नियम. पहिले पाच टप्पे काळ्या रेगडीतले. ती भिजली की पायाला गोळे चिकटतात आणि चाल निम्मी होते. एका दिवसाचा टप्पा दोन दिवसांचा, परतणं एक दिवसाचं, म्हणजे फेरी तीन दिवसांची. रोज तांडा सोडायचा तर टप्प्यामागे तीन वाटाडे हवेत. म्हणजे चार महिन्यांसाठी पाच जादा. हे पाच कुठून येतात? ज्यांनी सोळाही वाटा देऊन झाल्यावर डोंग्यात बसायचं नाकारलं, त्यांच्यातून. एक पावसाळा वाट सांभाळायची आणि मग निघायचं. खेळाडूंना वाटाडा खेळायचा असेल तर ही जागा सगळ्यात चांगली, कारण यांच्या अंगात माणूसपण अजून थोडं शिल्लक असतं.

दक्षिणेचे टप्पे पुराने बंद होतात. प्रत्येक थांब्याची जागा २५२, म्हणजे १२ गुणिले २१. नेहमीची वस्ती ८ गुणिले २१, १६८. पुढची वाट बंद आणि मागून रोज ८ येत राहिले तर दहाव्या दिवशी २४८ होतात आणि अकराव्या दिवशी थांबा भरून वाहतो. तेव्हा रेल्वेच्या ब्लॉकसारखं होतं: पुढून “जागा आहे” असा निरोप येत नाही तोवर मागचा तांडा हलत नाही आणि तुंबारा एकेक थांबा मागे सरकत शहरापर्यंत येतो. निरोप कावळे नेतात. शहरात राखाडी मानेचा गावकावळा मोजतो, रानात डोमकावळा. कावळ्याचं काम मोजण्यापुरतंच. तो कुणाला नेत नाही, कुणाला अडवत नाही.

उन्हाळ्यात वेळच बदलतो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तांडा पहाटे चारच्या आत निघायला हवा. पाच-सहा तासांची चाल दहाच्या आत संपली नाही तर जाणारे पातळ होत जातात आणि दिलेल्या वाटेशिवाय आणखी एखादी हरवून बसतात.

४ ऑगस्ट

चाचणीत काय तुटलं आणि का, ते असं.

रोजच्या मृत्यूंसाठी दोन फाशांची बेरीज अधिक एक हा नियम फार सपाट निघाला. तेरा हा आकडा छत्तीसातून एकदाच येतो, त्यामुळे तांडा भरल्याचा ताण जाणवतच नाही. बदल: तीन फासे उणे दोन. सरासरी साडेआठ, पसारा १ ते १६, आणि बाराच्या वरचा दिवस साधारण अकरा दिवसांतून एकदा.

सोळा वाटा सुरुवातीलाच लिहायला लावल्या की पाऊण तास जातो आणि आठव्या ओळीनंतर लिखाण उगीचचं होतं. सुरुवातीला पाच पुरे. बाकीच्या त्या त्या थांब्यावर, गेम मास्टरने विचारल्यावर. उशिरा आठवलेल्या वाटा जास्त खऱ्या निघतात.

सगळ्यात मोठी गळती: खेळाडू वाटाड्याला खोदून विचारतात आणि गेम मास्टर गप्प न राहता विश्वाची रहस्यं रचू लागतो. एकदा असं उत्तर दिलं गेलं की पुढचे सगळे टप्पे ओसाड पडतात. उपाय म्हणून प्रत्येक वाटाड्याचं हातभर नव्हे, तळहाताएवढं कार्ड. डावीकडे त्याला माहीत असलेल्या सात गोष्टी, सगळ्या त्याच्या टप्प्यातल्या: कुठे पाणी, कुठे निसरडं, कोणत्या वळणावर जाणारे मागे बघतात. उजवीकडे एकच ओळ: “ते मी पाहिलं नाही.”

१२ ऑगस्ट

वाटाड्यांचं बोलणं. पहिल्या पाच टप्प्यांत नागपुरी-वऱ्हाडी वळण, ‘ळ’च्या जागी ‘य’, ‘ण’च्या जागी ‘न’. पुढे तलावांच्या पट्ट्यात झाडीबोली, शेवटी सिरोंच्याच्या अंगाने तेलुगू शब्द मिसळत जाणारी. शेवटच्या दोन टप्प्यांत वाटाडा काय म्हणतो ते जाणाऱ्याला निम्मंच कळावं.

संबोधनं चुकली तर पात्र खोटं वाटतं. पुरुषाला “गा”, बाईला “वो”. म्हाताऱ्याला “बावाजी”, म्हातारीला “माय”. नमुना: “चाल वो माय, ऊन चढाच्या आंधी नाला पार करू. डोये मिटू नोको, पानी घोट्याएवढंच हाये.” वाटाडा कुणालाही “बे” म्हणत नाही, दरोडेखोरालाही नाही. झाडीबोलीचे संवाद ती बोलणाऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय छापायचे नाहीत.

२४ ऑगस्ट

बाराच्या मर्यादेमुळे शहरात अडकून पडलेल्यांचं काय, याचं उत्तर पोळ्यानंतरच्या मारबतीच्या मिरवणुकीने दिलं. काळी आणि पिवळी, दोघी रोगराई आणि पीडा शहराबाहेर नेतात. सारं शहर रस्त्यावर येऊन ओरडून त्यांना निरोप देतं. मारबत स्वतः खेळात येणार नाही, तिला राक्षसीण करणं तर नाहीच. घेतली ती फक्त रीत: वर्षातून एक दिवस, सगळ्यांनी मिळून, मोठ्याने.

शिळावर्तात त्या दिवशी बाराची मर्यादा उठते. जिवंत माणसं रस्त्यावर येऊन आपापली एक वाट मोठ्याने सांगतात आणि त्या उसन्या वाटांवर रखडलेले सगळे एकाच वेळी पहिला थांबा गाठतात. दुसऱ्याचं भाडं भरता येतं असा हा एकच दिवस. हिशोब तपासला: तीस दिवसांच्या साथीत रोज ८० गेले तर २,४००. सुटतात ३६०. मागे उरतात २,०४०. पुढे रोज चार जागा मोकळ्या धरल्या तर रखडलेले संपायला ५१० दिवस. हा दिवस नसेल तर शहर सतरा महिने भरलेलं राहतं. पहिल्या थांब्यावर मात्र २५२ चीच जागा आहे, म्हणून त्या रात्री राखणदार थांब्याची वेस उघडतो आणि रान भरून जातं. हे दृश्य चित्रकाराने दोन पानांवर पसरून काढावं.

६ सप्टेंबर

परवापासून पितृपक्ष. पुस्तिकेतलं सुरक्षेचं पान आज पक्कं केलं.

सत्राआधी गेम मास्टरने प्रत्येकाला एकटं गाठून विचारायचं की अलीकडे घरात कुणी गेलं आहे का. असेल तर खेळाडूने स्वतः ठरवावं. “येऊ नका” म्हणायचं नाही आणि “बरं वाटेल” असंही सांगायचं नाही. खऱ्या मृताचं नाव पात्राला द्यायचं नाही. टेबलाच्या मध्ये एक कोरं कार्ड, कुणीही उलटं केलं की प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारायचं नाही. साथीचा अध्याय पुस्तिकेच्या मुख्य भागातून काढून शेवटी टाकला, वेगळ्या इशाऱ्यासह. २०२१ चा एप्रिल नागपुरात ज्यांनी काढला, त्यांच्यापुढे २,०४० हा आकडा नुसता फाशांचा म्हणून ठेवता येणार नाही.

२० सप्टेंबर

छपाईच्या सूचना. नकाशा ए-३, दोन घड्यांत, घडी नदीवरून जाणार नाही अशी. कागद मॅट, कारण खेळताना पेन्सिलीने लिहिलं जातं आणि चकचकीत कागदावर ते पुसट उमटतं. वाटांचा कागद ए-४, एका बाजूला सोळा ओळी, दुसरी बाजू कोरी. ओळींतलं अंतर किमान १४ मिलिमीटर ठेवायचं, नाहीतर तीन खुणा मावत नाहीत आणि लोक दोनवरच थांबतात. खोडायला पेन द्यायचं, खोडरबर नाही. वाटाड्यांची कार्डं ३२, पावसाळी ५ कोऱ्या पत्र्याची, गटाने भरायची. राखणदारांची १६.

डोंग्यानंतरचं पान छापायचं नाही. गेम मास्टरच्या प्रतीतही नाही.